शर्यतीला परवानगी, कॅसिनोला मज्जाव
सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. शेतकऱ्यांच्या रेट्यामुळे महाराष्ट्राच्या विधिमंडळाने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. आता पंढरपूर तालुक्यातल्या करकंबसारख्या गावात शर्यत भरवायची, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. धाव 1000 मीटरपेक्षा लांब ठेवता येत नाही आणि बैलावर चाबूक उगारता येत नाही की त्याला विजेचा झटका देता येत नाही. कॅसिनोचे नेमके उलटे झाले. राज्याचा 1976 चा कॅसिनो कायदा कधी अंमलातच आला नाही. पर्यटन वाढेल, महसूल मिळेल, असे समर्थक सांगत. संसार उघड्यावर येतील, असे विरोधक बजावत. अखेर 2023 मध्ये तो कायदाच रद्द करण्यात आला. गोव्यात मात्र मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजे उभी आहेत आणि ती हटवण्याची मागणीही कायम आहे. महाराष्ट्राचे दोन्ही निर्णय योग्यच आहेत. पण शर्यतीवर पैशांची पैज लागली, की तिचाही जुगार होतो. म्हणून यात्रा कमिट्यांनी पैजेला मैदानात अजिबात थारा देऊ नये.