वैर होते, वकीलही होते

इतवारी, बुधवारी, मंगळवारी, शुक्रवारी अशी वारांची नावे मिरविणाऱ्या जुन्या नागपूरच्या पेठा व्यापारावर जगत आल्या आहेत. सराफ्यातील सोने असो वा किराणा ओळीतील जिरे-मिरे, माल बाहेरगावाहून यायचा आणि उधारीवर फिरायचा. अशा पेठेला राजाच्या पराक्रमापेक्षा वाटा खुल्या असण्याचे मोल अधिक. या वाटा अठराव्या शतकात कोणी अडविल्या आणि कोणी खुल्या केल्या, हे पाहिले म्हणजे नागपूरकर भोसले आणि पुण्याचे पेशवे यांच्या संबंधांचा इतिहास वेगळ्याच बाजूने समजतो.

दोघेही सातारच्या छत्रपतींचे सेवक. परंतु फौज, महसूल आणि महत्त्वाकांक्षा यांच्या बळावर दोघांचीही स्वतंत्र सत्ताच झाली होती. पहिला संघर्ष बंगालच्या चौथाईवरून पेटला. 1743 मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखान याच्या बाजूने नानासाहेब पेशवे उतरले आणि त्यांनी रघूजी भोसल्यांना तेथून मागे रेटले. एकाच ध्वजाखालील दोन फौजा परमुलखात परस्परांवर चालून गेल्या. अखेर शाहू महाराजांनी दोघांना साताऱ्यास बोलावून कार्यक्षेत्रांची वाटणी करून दिली. बंगाल व ओडिशाचा प्रदेश रघूजींच्या वाट्यास आला. ही वाटणी पुष्कळ टिकली, आणि 1751 मध्ये त्याच अलिवर्दीखानाने रघूजींना वार्षिक बारा लाखांची चौथाई मान्य केली. ज्या रयतेच्या शेतातून ती वसूल व्हायची, तिला मात्र या वाटणीत कोणी विचारले नव्हते.

पुढील पिढीत प्रकरण अधिक चिघळले. 1763 मध्ये जानोजी भोसले निजामाला मिळाले आणि त्या संयुक्त फौजेने खुद्द पुणे लुटले. त्याच वर्षी 10 ऑगस्टला राक्षसभुवनची लढाई झाली, तेव्हा जानोजी निजामाला सोडून बाजूला झालेले होते. या फिरण्याची किंमत बत्तीस लाखांचा मुलूख. ती पेशव्यांनी कबूल केली खरी, पण असे कर्ज देणारा ते विसरत नसतो. 1766 पर्यंत त्यांपैकी चोवीस लाखांचा मुलूख परत घेतला गेला. 1769 च्या मोहिमेत माधवराव पेशव्यांच्या फौजांनी नागपूर लुटले. सहा वर्षांपूर्वी पुण्याच्या पेठांनी जे भोगले, ते आता नागपूरच्या पेठांनी भोगले. जानोजींनीही समोरासमोरची लढाई टाळून पुण्याच्या रोखाने धाव घेतली.

दोघेही थकल्यावर त्याच वर्षी कनकापूरचा तह झाला. हा तह एखाद्या गहाणखतासारखा सावकाश वाचण्याजोगा आहे. उरलेला आठ लाखांचा मुलूख परत करावयाचा. पाच लाख एक रुपया पाच वार्षिक हप्त्यांत भरावयाचा. पेशव्यांच्या संमतीवाचून फौज वाढवावयाची नाही आणि घटवावयाचीही नाही. दिल्लीचा बादशहा, रोहिले, अयोध्येचा नवाब, इंग्रज यांच्याशी परस्पर राजकारण करावयाचे नाही. मात्र महसुलाच्या कामापुरता इंग्रजांकडे व निजामाकडे वकील ठेवण्याची मोकळीक. पेशव्यांवरही बंधन होते: हिंदुस्थानात जाताना त्यांच्या फौजांनी आडवाटेने शिरून भोसल्यांच्या मुलखास उपद्रव देऊ नये, आणि भाऊबंदकीत जानोजींविरुद्ध कोणाची तरफदारी करू नये. मैत्रीच्या गोड शब्दांपेक्षा हे हप्ते आणि हे रस्तेच अधिक उपयोगी ठरले. लष्कराच्या वाटेत न येणारे गाव म्हणजे पेरणी व्हावयाचे गाव.

अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांचेही याहून फारसे वेगळे नव्हते. क्यूबाच्या पेचप्रसंगानंतर 1963 मध्ये दोन्ही राजधान्यांत थेट संदेशवहनाची व्यवस्था झाली. 1987 मध्ये मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार झाला, तो परस्परांच्या तपासणीच्या कलमांसह. हा करार 2019 मध्ये संपुष्टात आला. विश्वास होता म्हणून मोजणी केली नाही. विश्वास नव्हता म्हणूनच मोजणी लिहून घेतली.

ती मोजणी करणारी माणसे कोण? पेशवाईतील ‘साडेतीन शहाण्यां’त नागपूरचे दिवाण देवाजीपंत चोरघडे, पुण्याचे सखारामबापू बोकील, निजामाचे विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण आणि नाना फडणीस अर्धे. (अर्धे का, यावर आजही गप्पा रंगतात.) एका शहाण्याची सत्ता दुसऱ्याच्या सत्तेशी लढत असे आणि तरी लोकांनी त्यांना एकाच गणतीत बसविले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. यांतील विठ्ठल सुंदर राक्षसभुवनलाच पडले.

वैर पुढेही विझले नाही. फक्त तिसरी सत्ता मधे आली. 1799 मध्ये कोलब्रुक हा इंग्रजांचा वकील नागपुरास पोहोचला, आणि 1803 च्या देवगावच्या तहानंतर कायमचा रेसिडेंट दरबारात बसला. 1817 च्या नोव्हेंबरात बाजीरावांनी आप्पासाहेब भोसल्यांकडे मानाची वस्त्रे पाठविली. 5 तारखेला खडकीची लढाई झालेलीच होती. रेसिडेंट जेंकिन्सने समारंभाला येण्यास नकार दिला. 24 तारखेला आप्पासाहेबांनी ती वस्त्रे दरबारात स्वीकारली. दोन दिवसांनी इतवारीच्या पश्चिमेस, सीताबर्डीच्या टेकडीवर तोफा सुरू झाल्या.