बसा काका, दगदग नको!

आमच्या सातारा-सांगलीकडे कुणाला धाप लागली की लगेच खुर्ची पुढे येते. प्रेमच ते, पण सीओपीडीत नडतं. बसून बसून मांड्या वाळतात, मग चार पावलांतही दम लागतो. बिघडलेलं फुफ्फुस पूर्ववत होत नाही; पाय मात्र तयार करता येतात. पल्मनरी रिहॅबिलिटेशन म्हणजे मुख्यतः हेच: आठवड्यातून दोनदा, ६ ते ८ आठवडे, देखरेखीखाली चालणं नि व्यायाम. (जन्मभर चूल फुंकलेल्या काकूंनाही हे लागू, बरं का!)

पण जत-पाटणच्या माणसानं धापा टाकत दर खेपेला मिरज-कराड गाठायचं? ६ मिनिटं चालण्याच्या चाचणीला ३० मीटर सपाट जागा, घड्याळ, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर एवढं मुख्य. गावच्या शाळेत जमेल. फिजिओथेरपिस्टनेच एसटी धरावी की!