घराची जाहिरात घराबद्दल असावी

‘दोन खोल्या भाड्याने देणे आहे. स्वतंत्र नळ, दुचाकीसाठी जागा, बसस्थानक जवळ. फक्त शाकाहारी कुटुंबास.’ अशी जाहिरात आपण सर्वांनी वाचली आहे. तिच्यातील सुरुवातीचा मजकूर घराबद्दल आहे, शेवटचे वाक्य मात्र राहणाऱ्याबद्दल. घर कसे आहे हे सांगून झाल्यावर माणूस कसा हवा, हे ते सांगते. त्या एका वाक्याचा विचार रमजानच्या या दिवसांत व्हायला हवा, कारण त्याची झळ याच महिन्यात जास्त जाणवते.

नांदूरघाट, केज, नेकनूर या पट्ट्यातील मुले शिकायला आणि कामाला लातूर, छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई गाठतात. तिथे पहिली परीक्षा खोली मिळवण्याची. फोनवर भाडे ठरते, अनामत ठरते, मग नाव विचारले जाते. नाव सांगितले की खोली ‘कालच गेलेली’ असते. रमजानमध्ये पहाटे सहरीला उठणारा आणि तरावीहनंतर उशिरा परतणारा मुलगा घरमालकाला आणखीच अडचणीचा वाटतो. माझ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी हे सांगितले आहे. त्यांच्या बोलण्यात राग कमी आणि सवय जास्त असते. खरी काळजी त्या सवयीची आहे.

हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईत मुलुंडच्या एका इमारतीत एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारली गेली आणि त्यावर राज्यभर चर्चा झाली. त्याच सुमारास आपल्या जिल्ह्याच्या नेत्या पंकजा मुंडे यांनी सांगितले की, सरकारी निवासस्थान सोडल्यावर मुंबईत घर शोधताना ‘मराठी माणसाला आम्ही घर देत नाही’ असे त्यांनाही ऐकावे लागले. मंत्रिपद भूषवलेल्या व्यक्तीची ही कथा असेल, तर ऊसतोड कामगाराच्या मुलाची काय असेल? २००८ मध्ये शबाना आझमी यांनी मुंबईत मुसलमान म्हणून घर मिळत नसल्याचे जाहीरपणे सांगितले होते. त्याच्या खूप आधी, १९१७ साली, परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्यात नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना राहायला जागा मिळाली नाही. नाव लपवून त्यांना एका धर्मशाळेत राहावे लागले आणि तिथूनही बाहेर काढले गेले. नाकारणारे बदलतात, नाकारले जाणारेही बदलतात. पद्धत तीच राहते.

अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात याची पडताळणी केली. त्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सवर्ण, दलित आणि मुस्लिम नावांनी भाड्याच्या घरांची चौकशी केली गेली. सवर्ण नावाला जवळपास कुठेच नकार मिळाला नाही. दलित नावाला अनेक ठिकाणी मिळाला आणि मुस्लिम नावाला त्याहून जास्त ठिकाणी. होकार मिळाला तिथेही कधी जादा अटी पुढे आल्या. ‘तुम्हालाच असे वाटते’ म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

आता कायदा पाहू. राज्यघटनेचे कलम १५ धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यावरून भेदभाव करण्यास मनाई करते, पण त्याचा पहिला भाग शासनाला उद्देशून आहे. दुसरा भाग दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते अशा ठिकाणांचा उल्लेख करतो. खासगी घराचे भाडे त्यात थेट येत नाही. तरीही काही समाजघटकांना स्वतंत्र कायद्यांनी संरक्षण मिळाले आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास किंवा राहण्यास अटकाव करणे १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. एचआयव्हीबाधितांना घर नाकारण्यास २०१७ च्या कायद्याने आणि तृतीयपंथीयांना नाकारण्यास २०१९ च्या कायद्याने मनाई आहे. म्हणजे ‘घर माझे, मी कुणालाही नाकारीन’ हा अधिकार आपल्या संसदेनेही अमर्याद मानलेला नाही. धर्म, प्रांत, भाषा किंवा आहार यावरून होणाऱ्या नकारासाठी मात्र तशी तरतूद नाही.

सच्चर समितीने २००६ च्या अहवालात मुसलमानांना घर मिळवताना येणाऱ्या अडचणींची नोंद घेतली आणि समान संधी आयोगाची शिफारस केली. त्याचा आराखडा करण्यासाठी माधव मेनन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ गट नेमला गेला, त्याचा अहवालही आला. आयोग मात्र आला नाही. शशी थरूर यांनी भेदभावविरोधी अशासकीय विधेयक लोकसभेत मांडले, तेही मागे पडले.

उलट बाजूला सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २००५ चा निकाल आहे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सदस्यत्व पारशांपुरते ठेवणारा उपविधी केला होता. संघटना स्थापन करण्याच्या स्वातंत्र्याचा आधार घेत न्यायालयाने तो वैध ठरवला. या निकालाचा दाखला सोसायट्या सर्रास देतात. पण तो नोंदणीकृत उपविधीबद्दल होता, समितीच्या तोंडी फर्मानाबद्दल नव्हता. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ नुसार पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही, आणि नकार मिळाल्यास निबंधकाकडे दाद मागता येते. फ्लॅट विकत घेणाऱ्या आपल्या लोकांना हे माहीत असायला हवे.

सर्वांत मोठी विसंगती जाहिरातींच्या बाबतीत दिसते. स्थावर संपदा कायद्यानुसार नोंदणीयोग्य प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. चुकीच्या जाहिरातीमुळे ग्राहकाचे नुकसान झाले तर भरपाई द्यावी लागते. महारेराने ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा केला. म्हणजे कोड छापला नाही तर बिल्डरला दंड होऊ शकतो. ‘अमुक समाजासाठीच’ असे छापले, तर त्याच कायद्यात त्याला विचारणारे कलम नाही. मोजमाप खोटे नको, हे आपण कायद्यात लिहिले. माणसाचा अपमान नको, हे लिहायचे राहिले.

अमेरिकेत हे लिहिले गेले. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर आठवडाभरात, ११ एप्रिल १९६८ रोजी, तिथला न्याय्य गृहनिर्माण कायदा मंजूर झाला. वंश, वर्ण, धर्म, मूळ देश यांवरून घर नाकारण्यास त्याने मनाई केली. पुढे १९७४ मध्ये लिंग आणि १९८८ मध्ये अपंगत्व व मुलेबाळे असणे हे आधारही जोडले गेले. या कायद्याची एक खुबी समजून घेण्यासारखी आहे. चार किंवा त्याहून कमी बिऱ्हाडांच्या घरात मालक स्वतः राहत असेल, तर भाडेकरू निवडण्यात त्याला बरीच सूट आहे. जाहिरातीत मात्र ती सूट नाही. मनात काय ठेवायचे ते ठेवा, चारचौघांत छापायचे नाही, असा त्याचा अर्थ. मेरीलँडमधील एका स्थानिक वर्तमानपत्राने ‘गोऱ्यांच्या घरातील’ जागेची जाहिरात छापली, तेव्हा १९७२ मध्ये न्यायालयाने वर्तमानपत्रालाही दोषी धरले. छापील नकार एका भाडेकरूपुरता राहत नाही. तो वाचणाऱ्या प्रत्येकाला त्याची पायरी दाखवतो.

घरमालकाची बाजूही ऐकली पाहिजे. आयुष्यभराची कमाई त्या घरात असते. भाडे थकेल, घर खराब होईल, भांडण होईल, ही भीती खोटी नाही. पण या भीतीवर उपाय आहेत: नोंदणीकृत करार, अनामत, ओळखपत्र, पोलिसांकडे माहिती, आधीच्या घरमालकाशी बोलणे. भाडे वेळेवर देणारा माणूस नावावरून ओळखता येत नाही.

आणि आपल्याही मोहल्ल्याकडे पाहू. ‘फक्त मुस्लिम कुटुंबासाठी’ ही पाटी आपल्याकडेही लागते. कुठे बिरादरी विचारली जाते, कुठे एकट्या नोकरदार बाईला नकार मिळतो. दुसरीकडे जागा मिळत नाही म्हणून आपण एकत्र राहतो, हे कारण खरे आहे. तरी त्या पाटीने आपली तक्रार लंगडी पडते. सूरह निसामध्ये नात्यातल्या शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याशीही भले वागण्याचा हुकूम आहे. रोजा पोटाचा असतो तसा जिभेचाही असतो, असे आपण मुलांना सांगतो. मग तो पाटीचाही असायला हवा.

जाहिरात कशी लिहावी? नियम साधा आहे: घराचे वर्णन करा, राहणाऱ्याचे नको. खोल्या किती, मजला कोणता, पाणी रोज की दिवसाआड, वीजमीटर स्वतंत्र की सामायिक, भाडे, अनामत आणि कराराची मुदत किती, हे लिहा. स्वयंपाकघर सामायिक असेल तर तसे स्पष्ट लिहा. रात्री फाटक किती वाजता बंद होते तेही लिहा. हे नियम सर्वांना सारखे लागू होतात. ‘मशिदीजवळ’ किंवा ‘मंदिराजवळ’ हा पत्ता म्हणून ठीक आहे, इशारा म्हणून नको. ‘चांगल्या वस्तीतील चांगल्या लोकांसाठी’ यासारखी वाक्ये गाळा. त्यांचा अर्थ सर्वांना कळतो.

२०२४ मध्ये अनिल परब यांनी नव्या इमारतींत मराठी माणसासाठी निम्मी घरे राखून ठेवण्याची मागणी केली. राखीव घरांपेक्षा सोपे पाऊल आधी उचलता येईल. धर्म, जात, भाषा, आहार यांवरून अट घालणारी जाहिरात बिल्डर आणि नोंदणीकृत एजंट यांनी करू नये, असा नियम राज्याने करावा. वर्तमानपत्रांनी त्याची वाटही पाहू नये. छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर तेवढे एक वाक्य खोडून टाकायला कोणत्याही कायद्याची गरज नाही.