रुग्णवाहिकेची घाई आणि आपलें कर्तव्य

भोंग्याचा आवाज कानीं पडतांच रस्त्यावरील प्रत्येकाच्या मनांत एकच इच्छा उत्पन्न होते, ती ही कीं, ‘गाडी लवकर पोहोंचो.’ ही इच्छा दयेची खरी. परंतु ती अपुरी आहे, असें आमचें नम्र मत आहे. गाडी लवकर पोहोंचण्याआधीं ती सुखरूप पोहोंचली पाहिजे. जी रुग्णवाहिका वाटेंतच उलटली, तिच्या वेगाचा उपयोग कोणास झाला? एका रोग्याच्या ठिकाणीं चार रोगी झाले आणि त्यांस नेण्यास दुसरी गाडी बोलवावी लागली, एवढेंच त्या घाईचें फळ.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यांत हा विचार विशेष अगत्याचा आहे. तापीकांठच्या सपाटीवर उसानें भरलेल्या ट्रॉल्या, नवापुरावरून जाणाऱ्या सुरत-धुळें महामार्गावर मालमोटारींची रांग, आणि उत्तरेस सातपुड्याचे घाट, अशी येथील वाहतूक आहे. धडगांवाकडील अत्यवस्थ रोग्यास घाट उतरून तळोद्यावरून नंदुरबारास आणावें लागतें. कित्येक पाड्यांवरून तर त्यास प्रथम बांबूच्या झोळींतून सडकेपर्यंत आणावें लागतें, तेव्हां कोठें गाडीची गांठ पडते. सप्टेंबर २०२१ मध्यें चांदसैली घाटांत दरड कोसळून वाट बंद झाली असतां एका पतीनें आपल्या आजारी पत्नीस खांद्यावर घेऊन पायीं वाट धरली. परंतु तिचे प्राण वांचले नाहींत. त्याच घाटांत ऑक्टोबर २०२५ मध्यें अस्तंब्याच्या यात्रेहून परतणारी गाडी दरींत कोसळून अनेक यात्रेकरू मृत्युमुखीं पडले. एका गोष्टींत विलंबाचें भय आहे, दुसरींत दरीचें. आणि रुग्णवाहिकेच्या चालकास हीं दोन्ही भयें एकाच वेळीं बरोबर घेऊन जावें लागतें.

अशा वेळीं मागें बसलेले नातलग ‘दादा, गाडी अजून जोरानें काढा’ म्हणून विनवितात. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. ज्याचें माणूस तळमळत आहे त्यास धीर कोठून राहणार? परंतु वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांनीं थोडें गणित करून पाहावें आणि तें घरीं सांगावें. तासीं ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. म्हणजे पुढें बैल आडवा आलेला पाहून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच जवळजवळ तितकें अंतर संपतें. वेग दुप्पट केला, तर ब्रेक लागल्यावर गाडी थांबण्याचें अंतर दुप्पट नव्हे, चौपट होतें. उलट लाभ पाहावा, तर वीस किलोमीटरच्या मोकळ्या सडकेवर ६० ऐवजीं ८० चा वेग राखल्यानें पांच मिनिटें वांचतात. घाटांत तर तितकाहि वेग शक्य नसतो. शिवाय गाडी उंच, आंत रोगी आडवा, त्याची शुश्रूषा करणारा पुष्कळदां उभा. झपाट्यानें घेतलेल्या वळणांत हीं सर्व माणसें एका बाजूस फेकलीं जातात.

परदेशचा अनुभवहि हेंच सांगतो. अमेरिकेंत १९९२ ते २०११ या वीस वर्षांत रुग्णवाहिकांचे दरसाल सरासरी ४,५०० अपघात झाले व त्यांत दरसाल सरासरी ३३ माणसें मेलीं. तेथेंच २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसलें कीं, रोगी घेऊन जातांना दिवे व भोंगा लावलेल्या दर लाख खेपांत १७ अपघात झाले, तर त्यांवांचून केलेल्या दर लाख खेपांत ७ झाले. आणि भोंग्यानें वेळ किती वांचला? १९९५ साली एका अमेरिकन शहरांत मोजून पाहिलें, तों सरासरी पाऊण मिनिटाहूनहि कमी!

येथें कोणी म्हणेल, ‘मग भोंगा बंदच करावा काय?’ तसें नव्हे. रक्तस्राव थांबत नाहीं, श्वास कोंडला आहे, बाळंतीण अडली आहे, अशा प्रसंगीं एकेक मिनिट मोलाचें असतें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तें मिनिट चालकाच्या पायाखालून काढूं नये. तें आपण सर्वांनीं द्यावें.

तें कसें द्यावें? पहिली गोष्ट, वेळेवर बोलावणें. १०८ क्रमांकाची सेवा महाराष्ट्रांत २०१४ पासून आहे; परंतु दुखणें विकोपास जाईपर्यंत घरीं थांबावयाचें आणि मग गाडीनें उडत यावें अशी अपेक्षा धरावयाची, हा न्याय नव्हे. दुसरी गोष्ट, वाट देणें. भोंगा ऐकतांच गाडी डाव्या बाजूस घेऊन थांबावें. घाटांत मात्र वळणावर न थांबतां रुंद जागा पाहून थांबावें. आणि मोकळ्या झालेल्या वाटेचा लाभ घेण्यासाठीं रुग्णवाहिकेच्या मागें आपली मोटारसायकल कधींहि पिटाळूं नये. वाट न देणारास सहा महिनेपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनें कायद्यांत आल्या आहेत. परंतु प्रत्येक वळणावर कायदा उभा राहूं शकत नाहीं. तेथें आपली बुद्धीच उभी राहिली पाहिजे. आठवड्याच्या बाजारीं रस्त्यावर आडव्या लावलेल्या जीपगाड्या आणि रात्रीं दिव्यावांचून चालणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या यांचा पोलिसांपूर्वीं आपणच बंदोबस्त करावा. सरकारानेंहि घाटांतील दरडी त्वरित हटवाव्या, कठडे भक्कम ठेवावे, आणि चालकांस पुरेशी विश्रांति द्यावी. झोपेनें जड झालेला डोळा कोणत्याहि भोंग्यानें उघडत नाहीं.

शेवटीं एक उदाहरण सांगतों. नवापुरावरून जाणारा हाच महामार्ग पुढें जळगांवास जातो. तेथें १३ नोव्हेंबर २०२४ रोजीं एका गर्भवती स्त्रीस रुग्णालयांत नेत असतां चालकास इंजिनांतून धूर निघतांना दिसला. ‘पोहोंचूं कसेंबसें’ असें न म्हणतां त्यानें गाडी थांबविली व सर्वांस खालीं उतरवून दूर नेलें. थोड्याच वेळांत गाडीनें पेट घेतला आणि प्राणवायूच्या टाकीचा मोठा स्फोट झाला. परंतु त्या स्त्रीस व तिच्या कुटुंबियांस इजा झाली नाहीं. त्या दिवशीं जीव वांचले ते गाडी पळविल्यानें नव्हे, वेळीं थांबविल्यानें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कित्येकांच्या घरीं मोटारसायकल आहे, कित्येकांचे वडील जीप किंवा ट्रॅक्टर चालवितात. यापुढें भोंगा ऐकूं आला, तर ‘बाबा, गाडी बाजूला घ्या’ एवढें तुम्हीं आठवणीनें म्हणावें. आणि देव न करो, परंतु त्या गाडींत आपलेंच माणूस असेल, तर चालकास घाई न करतां त्याच्या हातीं विश्वासानें स्वस्थ बसावें. एवढें झालें, तर हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.