मानाची खुर्ची सोडून शाळेकडे

डिस्नेचा ‘फॅन्टेझिया’ (१९४०) पाहिलाय तुम्ही? त्यातला पृथ्वीचा जन्म आणि डायनासोरचा भाग सुरू होतो एकाच वाद्याच्या उंच, गूढ सुराने. ते वाद्य म्हणजे बॅसून. आपल्या सनईसारखंच तेही दोन पात्यांतून फुंकून वाजवतात. फक्त नळी दुमडलेली, उलगडली तर सुमारे अडीच मीटर भरेल अशी आणि आवाज बहुतेकदा खर्जातला. कितीतरी वादक या पात्या बोरूपासून स्वतः तासून बनवतात.

त्या चित्रपटातलं बहुतेक संगीत वाजवलं फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने. तिथले तेव्हाचे मुख्य बॅसूनवादक होते सोल शोनबाख. १९३७ मध्ये, अवघ्या २२व्या वर्षी, त्यांना ही जागा मिळाली. जोडीला ते कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये शिकवतही होते.

अशी खुर्ची सहसा कुणी सोडत नाही. शोनबाख यांनी ती १९५७ मध्ये सोडली. कशासाठी? त्याच शहरातल्या सेटलमेंट म्युझिक स्कूलचा कारभार सांभाळायला. ही शाळा १९०८ मध्ये स्थलांतरितांच्या वस्तीत, पाच सेंटला पियानोचा धडा देत सुरू झाली होती. तिथे ते १९८१ पर्यंत राहिले, म्हणजे ऑर्केस्ट्रापेक्षाही जास्त काळ!

‘स्टेजवर जमलं नाही, म्हणून क्लास काढला’ असं आपण किती सहज बोलून जातो ना? शोनबाख यांना स्टेजवर सगळं जमलं होतं. तरीही त्यांनी शाळा निवडली. तुमच्या मुलांना गाणं किंवा तबला शिकवणाऱ्या सरांना, ताईंना आज एकदा विचारा, ‘तुम्ही स्वतः काय वाजवता? ऐकवाल का?’