विणकाम सोडू नका, बैठक बदला

कार्तिक सरत आला की आमच्या तुळजापूरच्या बालाघाटावर पहाटेचा गारवा चांगलाच बोचू लागतो. घरोघरी ट्रंकांतून लोकर बाहेर निघते. कुणाच्या घरी बाळ यायचे असते, म्हणून टोपडे आणि पायमोजे. कुणाच्या नातवासाठी स्वेटर. कुणाच्या दारासाठी क्रोशाचे तोरण. ज्यांच्या हाती लोकर नसते, त्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला घेतात. आणि याच दिवसांत माझ्या दवाखान्यात एक वाक्य वारंवार ऐकू येते : "डॉक्टर, यांची कंबर दुखतीय. तुम्हीच सांगा यांना, विणायचं बंद करा म्हणून." हे वाक्य आजी कधीच म्हणत नाहीत. सोबत आलेला मुलगा किंवा सून म्हणते, आणि आजी मान खाली घालून ऐकत असतात.

या विनंतीला मी आज काय उत्तर देतो हे सांगण्यापूर्वी, पूर्वी काय उत्तर देत होतो ते सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

आठ वर्षांपूर्वी अशाच एक आजी माझ्याकडे आल्या. वय ७३, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. गल्लीत जन्मलेल्या प्रत्येक बाळाला त्यांच्या हातची कुंची मिळाल्याशिवाय बारसे पुरे होत नसे. कंबर दुखते म्हणून मुलाने आणले होते. मी तपासले, गोळ्या लिहून दिल्या, कमरेचा पट्टा बांधायला सांगितला आणि म्हणालो, "आता सुया ठेवून द्या. विश्रांती घ्या." आजींनी काही विचारले नाही. मुलाने घरी जाऊन लोकरीची पिशवी माळ्यावर ठेवली.

चार महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, तेव्हा खुर्चीतून उठताना त्यांना दोघांचा आधार लागत होता. मांड्या वाळल्या होत्या, बोलणे कमी झाले होते, दुपारभर त्या पडून असत. आणि कंबर? ती पूर्वीइतकीच दुखत होती. माझ्या सल्ल्याने दुखणे गेले नव्हते, काम मात्र गेले होते.

हे असे का झाले, ते वैद्यकशास्त्राला आता चांगले ठाऊक आहे. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे नव्याने कंबर धरलेल्या १८६ कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास झाला. काहींना दोन दिवस झोपून राहायला सांगितले, काहींना व्यायाम दिले आणि काहींना सोसेल तशी नेहमीची कामे करत राहायला सांगितले. सर्वांत लवकर बरे झाले ते नेहमीची कामे करणारे. सर्वांत सावकाश, झोपून राहिलेले. ही मंडळी नोकरीच्या वयाची होती. उतारवयात तर पडून राहण्याची किंमत अधिकच मोठी असते. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवले, तेवढ्यात त्यांच्या पायांचे सुमारे १ किलो स्नायू घटले. तो अभ्यास अगदी लहान होता, पण त्याचा अर्थ माझ्या आजींच्या वाळलेल्या मांड्यांवर मला स्पष्ट दिसत होता.

दुखते ते नेमके कशाने?

दुसऱ्यांदा त्या आल्या तेव्हा मी एक काम केले, जे पहिल्यांदाच करायला हवे होते. त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "बाई, तुम्ही कुठे बसून विणत होता ते दाखवा." (गावात त्यांना सगळे 'बाई'च म्हणतात.) त्या दिवाणावर मांडी घालून बसल्या. पाठीला टेकू नव्हता. खिडकी पाठीमागे होती, त्यामुळे हातातल्या कामावर स्वतःचीच सावली पडत होती. लोकरीचा गुंडा खाली फरशीवर. चष्मा सहा वर्षांपूर्वीचा. आणि टाका दिसावा म्हणून मान जवळजवळ छातीला टेकलेली.

वाचकहो, माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलोचे असते. ते मानेच्या बरोबर वर असते तोवर मणके ते सहज पेलतात. ते पुढे झुकले की मागच्या स्नायूंना ते सतत ओढून धरावे लागते. भरलेली कळशी छातीशी धरणे आणि हात लांब करून धरणे यात जो फरक, तोच येथे. पुढे वाकून बसल्याने कमरेच्या मणक्यांमधील गाद्यांवरचा दाबही वाढतो. त्यात एकाच स्थितीत तासभर बसले की स्नायू आखडतात. म्हणजे दोष सुयांचा नाही, दोष वाकण्याचा आणि न हलण्याचा आहे.

आणि वाकण्याचे मूळ पुष्कळदा पाठीत नसून डोळ्यांत असते. बाईंच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. म्हणून माझी पहिली सूचना ही की, विणताना पाठ दुखत असेल तर आधी डोळे तपासून घ्या. जवळचा चष्मा बदलायला झाला आहे का, मोतीबिंदू आहे का, हे पाहा. संध्याकाळनंतर काळी, निळी अशी गडद लोकर घेऊ नका; तिच्यातले टाके तरुण डोळ्यांनाही नीट दिसत नाहीत.

बसावे कसे?

हात असलेली, पाठ टेकता येईल अशी साधी खुर्ची घ्या. पाऊल पूर्ण जमिनीवर टेकले पाहिजे. टेकत नसेल तर खाली पाट ठेवा. कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी ठेवा. मांडीवर एक-दोन उशा घेऊन त्यांवर कोपरे आणि विणकाम टेकवा. सूत्र एकच : डोळे कामाकडे न्यायचे नाहीत, काम डोळ्यांकडे आणायचे. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी उजेड डाव्या खांद्यावरून येईल असे बसावे. लोकरीचा गुंडा फरशीवर न ठेवता शेजारच्या स्टुलावर टोपलीत ठेवावा, म्हणजे दर वेळी वाकणे नको.

खाली बसण्याची सवय सुटत नसेल तर निदान घडी घातलेल्या जाड गोधडीवर बसा आणि पाठ भिंतीला टेकवा. बैठक थोडी उंच झाली की कंबर मागे कलंडत नाही. गुडघे दुखत असल्यास मात्र खुर्चीच बरी.

साधनांचाही विचार करा. लांब सरळ सुयांवर स्वेटरचा सगळा भार टोकाशी येतो. मध्ये लवचीक तार असलेल्या गोल सुया वापरल्या तर तो भार मांडीवर राहतो आणि कोपरे अंगाजवळ राहतात. क्रोशाच्या सुईची मूठ बारीक वाटत असल्यास तिच्याभोवती कापड गुंडाळून ती जाड करा. अंगठ्याचा सांधा दुखणाऱ्यांना त्याने आराम पडतो. एकदम मोठी चादर घेण्याऐवजी लहान चौकोन विणा आणि शेवटी टेबलावर ठेवून जोडा.

उठावे केव्हा?

"अर्ध्या तासाने उठा" असे सांगून उपयोग होत नाही, हे मी अनुभवाने शिकलो आहे. विणताना घड्याळाकडे कोण पाहतो? म्हणून मी आता कामाचेच घड्याळ करायला सांगतो. आपल्याला २० मिनिटांत किती ओळी होतात ते एकदा मोजा. चार होत असतील तर चौथी ओळ संपली की उठायचे. क्रोशाला फेऱ्या मोजा. गोधडी शिवणाऱ्यांना तर फारच सोपे : सुईत ओवलेला दोरा संपला की उठायचे, आणि मगच नवा दोरा ओवायचा. दुखू लागण्याची वाट पाहायची नाही. दुखण्याच्या आधी उठायचे.

उठल्यावर दोन-तीन मिनिटे पुरतात. खांदे मागच्या बाजूने सावकाश पाच वेळा फिरवा. हनुवटी थोडी आत घेऊन मान सरळ करा. खुर्चीच्या हातांचा आधार घेऊन पाच वेळा उठा-बसा. मांड्या बळकट ठेवणारा याच्याइतका सोपा व्यायाम नाही. मग ओसरीपर्यंत एक फेरी मारा. भिंतीजवळ उभे राहून कमरेवर हात ठेवून हलकेच मागे झुकल्याने अनेकांना बरे वाटते. परंतु ज्यांना चालताना पाय भरून येतात आणि पुढे वाकून बसल्यावर बरे वाटते, त्यांनी मागे झुकू नये. त्यांच्या मणक्यातील नळी अरुंद झालेली असण्याची शक्यता असते. चक्कर येणाऱ्यांनीही हा प्रकार टाळावा.

पट्टा, शेक आणि गोळ्या

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत व्यायाम आणि दुखण्याविषयीची नीट माहिती यांवर भर आहे; कमरेचा पट्टा आणि वजन लावून ताण देणे यांची नेहमीच्या उपचारासाठी शिफारस नाही. आठ वर्षांपूर्वी मी बाईंना दिलेला पट्टा आज देणार नाही. मात्र मणक्याचे हाड मोडल्यामुळे किंवा शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी पट्टा दिला असेल तर तो स्वतःहून काढू नका.

गरम पाण्याच्या पिशवीने १५ ते २० मिनिटे शेकण्यास हरकत नाही. पिशवी कापडात गुंडाळलेली हवी. मधुमेहामुळे ज्यांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना भाजलेलेही कळत नाही, म्हणून त्यांच्याजवळ कुणीतरी असावे. आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांची सवय तर फार घातक. त्यांनी जठरात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडावर परिणाम होतो, रक्तदाब वाढतो. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ ठेवण्याची औषधे चालू असतील तर धोका अधिक.

केव्हा थांबू नये?

पुढील लक्षणे दिसली तर विणकामाला दोष देत घरी बसू नका. लघवी अडणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा येणे, पायातली शक्ती कमी होणे : यांत त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पडल्यानंतर, किंवा साधी घागर उचलताना अचानक उठलेली कळ ठिसूळ झालेला मणका दबल्याची असू शकते. संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणे आणि रात्री झोपेतही न थांबणारी पाठदुखी असेल तर मणक्याचा क्षयरोग किंवा कर्करोग नाही ना, हे तपासावेच लागते. पाठीच्या वरच्या भागात दुखून घाम येत असेल, दम लागत असेल, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. पोटासह पाठीत अचानक असह्य कळ आली तरीही क्षणभर थांबू नये. बोटांना सतत मुंग्या येणे, हातातून सुई निसटणे हेही डॉक्टरांना दाखवावे.

घरच्या मंडळींसाठी

आता दोन शब्द मुलांसाठी आणि सुनांसाठी. "आता कशाला विणता? बाजारात शंभर स्वेटर मिळतात," हे आपण मायेने म्हणता, हे मला ठाऊक आहे. पण ज्या आजी आज ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांनी १९६२ च्या युद्धाचे दिवस पाहिले आहेत. तेव्हा देशभर स्त्रिया सीमेवरच्या जवानांसाठी स्वेटर विणत होत्या. या पिढीला विणकाम म्हणजे वेळ घालवणे नव्हे, कुणाच्या तरी उपयोगी पडणे आहे. २०१३ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत साडेतीन हजारांहून अधिक विणकाम करणाऱ्यांनी आपले अनुभव कळवले. जे वारंवार विणतात त्यांनी अधिक शांत आणि आनंदी वाटत असल्याचे सांगितले. अशा पाहणीने औषध सिद्ध होत नाही, पण काय हिरावून घ्यायचे नाही एवढे तरी कळते.

म्हणून सुया काढून घेण्याऐवजी खुर्ची उजेडात आणा. सुईत दोरा ओवून द्या. लोकरीची लडी हातात धरून गुंडा करायला बसा. ओळी मोजून "चला, चौथी ओळ झाली, उठा" असे नातवाला सांगू द्या. नातवंडे ही जबाबदारी फार काटेकोरपणे पाळतात.

बाईंच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, नवा चष्मा आला, खुर्ची खिडकीपाशी गेली आणि पिशवी माळ्यावरून खाली आली. पहिल्या आठवड्यात दिवसाला दोनच ओळी, मग चार, मग थोड्या अधिक. आधार न घेता खुर्चीतून उठायला त्यांना तीन महिने लागले. कंबर आजही अधूनमधून दुखते. वय ८१ आहे, ती पूर्णपणे थांबेल असे खोटे आश्वासन मी त्यांना दिलेले नाही. पण गल्लीत बारसे असले की कुंची तयार असते.

आज संध्याकाळी एवढेच करा. आपल्या घरातील आजी किंवा आजोबा ज्या जागी बसून आवडीचे काम करतात, त्या जागी आपण स्वतः दहा मिनिटे बसून पाहा. काय बदलायला हवे, ते आपल्याच पाठीला कळेल.