नातवाला लस, आजीला खाट

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी, झरी-जामणी किंवा महागाव तालुक्यातल्या एखाद्या उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी डोकावलं, तर बाळांच्या आयांबरोबर आज्याही दिसतात. वेचणीच्या दिवसांत सून कापसात असते, म्हणून नऊ महिन्यांचं पोर आजीच मांडीवर घेऊन येते. सिस्टर त्याला इतर लसींबरोबर पीसीव्ही टोचतात. न्यूमोकोकस या जिवाणूपासून होणाऱ्या न्यूमोनिया आणि मेंदूज्वरापासून ही लस बाळाला वाचवते. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन डोसांत ती मोफत मिळते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने डिसेंबर 2020 मध्ये ‘न्यूमोसिल’ ही देशी लस बाजारात आणली आणि 2021 मध्ये पीसीव्ही महाराष्ट्रासह देशभरच्या नियमित लसीकरणात आली.

मांडीवरच्या पोराला संरक्षण मिळालं. ज्या मांडीवर ते बसलं आहे, तिच्या मालकिणीला मात्र नाही.

हा जिवाणू आयुष्याच्या दोन टोकांवर सगळ्यात जास्त घाव घालतो: दोन वर्षांच्या आत आणि साठी-पासष्टीनंतर. पहिल्या टोकाची काळजी सरकारने घेतली. दुसऱ्या टोकासाठी राष्ट्रीय वेळापत्रकात एकही डोस नाही. साठी ओलांडलेल्याने ही लस घ्यायचीच ठरवली, तर खासगी दवाखान्यात काही हजार रुपये मोजावे लागतात. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात म्हाताऱ्या माणसाच्या प्रतिबंधक सुईवर एवढा पैसा कोणी खर्च करत नाही, आणि त्यासाठी त्या घराला दोष देता येणार नाही.

वृद्धांचा न्यूमोनिया फसवाही असतो. तरुणाला सणकून ताप भरतो, छातीत कळ येते. सत्तरीतल्या माणसाला ताप येतोच असं नाही. तो जेवण टाकतो, झोपून राहतो, असंबद्ध बोलतो, उभं राहताना पडतो. घरचे म्हणतात, वय झालं. गावातला डॉक्टर सलाईन लावतो. धाप वाढली की मग तालुक्याचा दवाखाना आणि तिथून यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रेफर. उमरखेडहून ते अंतर शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. या प्रवासात जे तास जातात, ते वृद्ध फुफ्फुसाला परवडत नाहीत. मृत्यू झालाच, तर ‘म्हातारपणाने गेले’ एवढीच नोंद लोकांच्या मनात उरते. टाळता येणारा मृत्यू इतक्या सहज स्वीकारला जातो, याचं वाईट वाटायला हवं.

यवतमाळमध्ये तर या आजाराला पोषक असं बरंच काही एकवटलं आहे. इथल्या बायांनी जन्मभर चुलीत पऱ्हाटी जाळली; कधी विडी न ओढताही त्यांची फुफ्फुसं धुराने जुनाट आजारी होतात. जिनिंगमध्ये कापसाची धूळ आहे. वणीकडे उकणी, घोन्सा इथल्या कोळसा खाणी आहेत. आणि विदर्भाच्या या पट्ट्यात सिकलसेल आहे. या आजारात प्लीहा निकामी होत जाते, आणि न्यूमोकोकसला रक्तातून गाळून मारण्याचं काम मुख्यतः प्लीहाच करते. त्यामुळे सिकलसेलच्या रुग्णाला, मग तो विशीतला का असेना, ही लस वृद्धाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक निकडीची आहे. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान जुलै 2023 मध्ये सुरू झालं, तपासण्या होतात, कार्डं वाटली जातात. प्रत्येक कार्डामागे प्रौढांसाठीच्या न्यूमोकोकल लसीची हमी असायला हवी.

सरकार वृद्धांसाठी पैसा खर्च करत नाही, असं नाही. ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तरीवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं कवच मिळालं. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना 65 वर्षांवरच्या गरजूंना चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांसाठी 3 हजार रुपये देते. दोन्ही चांगल्या योजना आहेत. पण पहिली योजना माणूस खाटेवर पडल्यावर कामाला येते आणि दुसरीच्या यादीत लस नाही. न्यूमोनिया झालेल्या आजीच्या व्हेंटिलेटरचे पैसे भरायला तयार असलेलं सरकार तिच्या एका सुईचे पैसे भरत नाही, हा हिशेब चुकलेला आहे.

ही लस सगळे न्यूमोनिया थांबवत नाही, हा आक्षेप खरा आहे. न्यूमोकोकसचे शंभरावर प्रकार आहेत आणि न्यूमोनिया इतर जंतूंनीही होतो. नेदरलँड्समध्ये 65 वर्षांवरच्या सुमारे 84 हजार लोकांवर झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, लसीतल्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया सुमारे 45 टक्क्यांनी, तर रक्तात वगैरे पसरणारा गंभीर आजार 75 टक्क्यांनी कमी झाला. ही किमया नव्हे. पण खाटा, ऑक्सिजन आणि तज्ज्ञ यांची जिथे कायम ओढाताण असते, तिथे एवढा फरकही मोठा आहे. बाळांना लस दिल्याने घरातल्या वृद्धांचाही थोडा बचाव होतो, हेही खरं. पण न्यूमोसिलमध्ये 10 प्रकार आहेत, प्रौढांच्या लसींमध्ये 13 पासून 23 पर्यंत. शिवाय ब्रिटन 65 वर्षांवरच्या सर्वांना ती मोफत देतं, आणि अमेरिकेने ऑक्टोबर 2024 मध्ये शिफारशीचं वय 65 वरून 50 वर आणलं. बाळांना लस देणाऱ्या या देशांनी आजी-आजोबांना वगळलेलं नाही.

या लसीचा इतिहासच मुळी खाणीतला आहे. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत मजूर न्यूमोनियाने मरत, म्हणून 1911 मध्ये आल्मरोथ राइट यांनी तिथे पहिल्या लसीचे प्रयोग केले. 1970 च्या दशकात रॉबर्ट ऑस्ट्रियन यांनीही तिथल्याच खाणकामगारांवर चाचण्या घेतल्या आणि 1977 मध्ये 14 प्रकारांची लस अमेरिकेत मान्य झाली. वणी, मारेगावच्या खाणपट्ट्याला तिच्यावर हक्क सांगायला हा आधार पुरेसा आहे, आणि वाटही आहे. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी खाणबाधित गावांसाठीच असतो आणि आरोग्य हा त्यातला प्राधान्याचा विषय आहे. त्यातून या गावांतल्या 65 वर्षांवरच्या लोकांना लस देता येईल. उरलेल्या तालुक्यांत सिकलसेल, दमा, मधुमेह, हृदयविकार आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांपासून जिल्हा नियोजन समितीने सुरुवात करावी. लस साठवणारे फ्रिज प्राथमिक आरोग्य केंद्रांत आहेत. घरोघरी याद्या करणाऱ्या आशाताई आहेत. मार्च 2021 मध्ये साठीवरच्यांना कोविडची लस याच केंद्रांनी दिली होती.

तोवर ज्यांना खर्च झेपतो, त्यांनी थांबू नये. 20 प्रकारांच्या लसीचा एकच डोस पुरतो. 13 प्रकारांची घेतली, तर साधारण वर्षाने 23 प्रकारांची घ्यावी लागते. आपल्या आईवडिलांना कुठली योग्य, हे त्यांच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत विचारा. आणि आपल्या गटाच्या जिल्हा परिषद सदस्याला, आमदाराला एक साधा प्रश्न करा: जिल्ह्यातल्या वृद्धांसाठी न्यूमोकोकल लसीची तरतूद कधी करणार?